ड्रोनच्या व्हिडिओत गाडी आडोशाला जाते आणि नव्या क्रमांकाने बाहेर येते: दोष कुठे शोधायचा

लक्षण साधारण असं असतं. ड्रोन वर थांबलाय किंवा हळू पुढे सरकतोय, खाली रस्ता दिसतोय, गाडीभोवती ट्रॅकरने, म्हणजे वस्तूचा फ्रेमगणिक माग ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने, काढलेली चौकट आणि चौकटीवर १७ हा क्रमांक. गाडी पुलाखाली किंवा झाडाखाली शिरते, पलीकडून निघते, आणि आता तिच्यावर ४२ लिहिलेलं असतं. मोजणी करणाऱ्याच्या लेखी एकाच्या दोन गाड्या झाल्या. मार्ग काढणाऱ्याच्या लेखी एका प्रवासाचे दोन तुकडे. कधी याहून वाईट होतं: १७ हा क्रमांक शेजारच्या भलत्याच गाडीवर जाऊन बसतो आणि आकड्यांत काहीच खटकत नाही.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ट्रॅक बफर, म्हणजे हरवलेल्या वस्तूची किती काळ वाट पाहायची तो आकडा, वाढवा. ३० चे ९० करा, तरी नाही जमलं तर ३००. सल्ला चुकीचा नाही, पण तो पहिला असू नये. हरवलेला माग जास्त वेळ जिवंत ठेवला म्हणजे तो योग्य जागी असेलच असं नाही, आणि चुकीच्या जागी जिवंत असलेला माग मेलेल्या मागापेक्षा जास्त नुकसान करतो. म्हणून बफरला हात लावण्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या: गाडी पुन्हा दिसली त्या फ्रेममध्ये ट्रॅकरचा अंदाज कुठे होता?

अंदाजाची चौकट पडद्यावर आणा

बहुतेक तयार साधनं फक्त चालू माग दाखवतात. गाडी आड गेली की चौकट पडद्यावरून जाते, पण ट्रॅकरच्या आत काल्मन फिल्टर (आधीची जागा आणि वेग यांवरून पुढची जागा सांगणारं गणित) दर फ्रेमला ती चौकट पुढे ढकलतच असतो. ती दिसत नाही तोवर दोष शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं. हरवलेल्या मागांची यादी कोडमध्ये असतेच. ती काढा आणि प्रत्येकाची अंदाजाची चौकट वेगळ्या रंगात रेखाटा. सोबत फ्रेम क्रमांक, मागाचा क्रमांक, अंदाजाचा मध्यबिंदू आणि वेग एका फाइलमध्ये लिहून ठेवा. कोड वीस-पंचवीस ओळींचा, पण त्यानंतर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

गाडी बाहेर येते ती फ्रेम थांबवून पाहिली की चारांपैकी एक चित्र दिसतं. अंदाज उरलेलाच नाही. अंदाज आहे पण भलतीकडे. अंदाज गाडीच्या अंगावरच आहे, तरी जुळणी झाली नाही. किंवा अंदाज दुसऱ्याच गाडीने पळवलाय. चारही रोग वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं.

त्याआधी एक खातरजमा: वस्तू खरंच आड गेली होती का? डिटेक्टरचा (एकेका फ्रेममध्ये वस्तू शोधून चौकटी देणाऱ्या मॉडेलचा) कॉन्फिडन्स थ्रेशोल्ड, म्हणजे चौकट धरायला लागणारे किमान गुण, ०.०५ पर्यंत खाली आणा, ट्रॅकर बंद ठेवा आणि कच्च्या चौकटी बघा. तुमच्या डोळ्यांना गाडी दिसतेय आणि डिटेक्टरला दिसत नाही, तर ही आडोशाची समस्या नाहीच. ड्रोनच्या व्हिडिओत असं फार होतं, कारण वस्तू मुळातच लहान असतात. हिशेब करून बघा. सेन्सरची रुंदी १३.२ मिलिमीटर, फोकल लांबी ८.८ मिलिमीटर, उंची १०० मीटर आणि कॅमेरा सरळ खाली, तर चित्रात जमिनीची १५० मीटर रुंदी मावते. १९२० पिक्सेल रुंद व्हिडिओत एक पिक्सेल म्हणजे सुमारे ७.८ सेंटिमीटर. साडेचार मीटरची गाडी ५८ पिक्सेलची, आणि वरून दिसणारा माणूस जेमतेम ६ पिक्सेलचा. हेच चित्र मॉडेलला देताना ६४० पिक्सेलवर आणलं, जे पुष्कळ ठिकाणी ठरलेलं मूल्य असतं, तर गाडी १९ पिक्सेलची होते आणि माणूस २ पिक्सेलचा. २ पिक्सेलचा माणूस पानाच्या सावलीतही ‘आड’ जातो. इथे ट्रॅकर बदलून उपयोग नाही. इनपुटचा आकार वाढवा किंवा फ्रेमचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा तपासा.

आणखी एक बारकी शक्यता: वस्तू फक्त मोठ्या ट्रकच्या बाजूला आली की गायब होते. कॅमेरा तिरका असेल तर ट्रकने ती खरोखर झाकलेली असू शकते. पण कच्च्या चौकटींमध्येही ती नसेल आणि डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल, तर नॉन-मॅक्सिमम सप्रेशनने (एकमेकींवर चढलेल्या चौकटींतली एकच ठेवणाऱ्या पायरीने) तिची चौकट ट्रकच्या चौकटीत गिळली असण्याची शक्यता जास्त. त्याचा आयओयू (दोन चौकटी एकमेकींवर किती चढतात त्याचं ० ते १ मधलं माप) थ्रेशोल्ड थोडा वाढवून पाहा.

अंदाज उरलेलाच नाही

चारांतलं हे सगळ्यांत सोपं. ट्रॅकरने वाट पाहणं सोडून दिलं. २०१६ च्या मूळ सॉर्ट या ट्रॅकरमध्ये तर एकच फ्रेम वाट पाहिली जायची. डीपसॉर्ट आणि बाइटट्रॅक या नंतरच्या ट्रॅकरांमध्ये हा आकडा ३० आहे. पण ३० काय? फ्रेम, सेकंद नव्हे. गाडी ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर धावतेय आणि पूल ३० मीटर रुंद आहे, तर तिचा मध्यबिंदू आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत २ सेकंद जातात. ३० च्या फ्रेमरेटला त्या ६० फ्रेम झाल्या. माग अर्ध्या पुलाखालीच संपला. वाहतूक तुंबून वेग ताशी १८ वर आला, तर त्याच पुलाला १८० फ्रेम लागतात.

म्हणून बफर सेकंदांत ठरवा आणि कोडमध्ये त्याचं फ्रेममध्ये रूपांतर करा. व्हिडिओ ६० फ्रेमचा असेल तर ३० म्हणजे अर्धाच सेकंद. वेळ वाचवायला तुम्ही दर तिसरी फ्रेम तपासत असाल तर तेच ३० म्हणजे ३ सेकंद, आणि मग वेगाचं एककही तिप्पट झालेलं असतं. मूळ बाइटट्रॅकमध्ये फ्रेमरेट दिला तर बफर त्या प्रमाणात बदलतो, पण तो फ्रेमरेट पुढे पोचतोय की कुठेतरी ३० असं पक्कं लिहून ठेवलंय, हे आपल्या आवृत्तीत उघडून पाहावं. थेट प्रक्षेपणातून घेतलेल्या व्हिडिओत फ्रेम गळतात आणि फ्रेमरेट स्थिर राहत नाही. तिथे फ्रेम क्रमांकावर विसंबू नका. प्रत्येक फ्रेमचा वेळशिक्का घ्या आणि फिल्टरला खरं कालांतर द्या.

दोन चुका इतक्या वरचेवर दिसतात की त्या वेगळ्या सांगतो. अल्ट्रालिटिक्स या तयार लायब्ररीत एकेक फ्रेम देऊन माग काढताना ‘पर्सिस्ट’ चालू करायचं राहून जातं. मग आधीच्या फ्रेममधले माग पुढच्या हाकेला टिकत नाहीत आणि आडोशाशी संबंध नसतानाही क्रमांकांचा खेळखंडोबा होतो. दुसरी चूक जास्त छुपी आहे: निकाल स्वच्छ दिसावा म्हणून लोक डिटेक्टरचा कॉन्फिडन्स ०.५ वर नेतात आणि ट्रॅकर मात्र बाइटट्रॅक ठेवतात. बाइटट्रॅकची सगळी करामत कमी गुणांच्या चौकटींवर चालते. अर्धवट झाकलेल्या गाडीला ०.२ गुण मिळतात, आणि त्या चौकटीची चालू मागाशी दुसऱ्या फेरीत जुळणी होते. त्या चौकटी तुम्ही दारातच अडवल्या तर बाइटट्रॅक वापरण्यात अर्थच उरत नाही. थ्रेशोल्ड ०.१ च्या आसपास ठेवा. दाखवताना काय गाळायचं ते नंतर ठरवा.

अंदाज भलतीकडे गेलाय

ड्रोनच्या बाबतीत खरी मेख इथे आहे. जमिनीवरच्या खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी जे ट्रॅकर छान चालतात ते हवेत गडबडतात ते याच कारणाने.

ट्रॅकर वेग पिक्सेलमध्ये मोजतो, आणि त्या पिक्सेल-वेगात गाडीचा वेग आणि कॅमेऱ्याची हालचाल दोन्ही मिसळलेल्या असतात. वरच्याच उदाहरणात ताशी ५४ ची गाडी दर फ्रेमला ६.४ पिक्सेल सरकते. आता गिंबल (कॅमेरा धरून फिरवणारी ड्रोनवरची यंत्रणा) सेकंदाला फक्त १० अंशांनी वर उचलला. या कॅमेऱ्याची फोकल लांबी पिक्सेलमध्ये १२८० येते, म्हणजे चित्राच्या मध्याजवळ प्रत्येक गोष्ट दर फ्रेमला ७.४ पिक्सेल सरकली. कॅमेऱ्याचा हात गाडीपेक्षा जोरात हलतोय. गाडी दिसत असते तोवर दर फ्रेमला दुरुस्ती होते आणि काही जाणवत नाही. ती आड असताना गिंबल हलला तर ६० फ्रेममध्ये अंदाज साडेचारशे पिक्सेल भरकटू शकतो. असा माग तुम्ही ३०० फ्रेम जगवून काय करणार?

उपाय माहितीतला आहे: सलग दोन फ्रेममधली पार्श्वभूमीची हालचाल काढायची आणि सर्व मागांच्या अंदाजांवर ती आधी लावायची. बॉटसॉर्टमध्ये हे अंगभूत आहे, मूळ बाइटट्रॅकमध्ये नाही. पण ‘चालू आहे’ आणि ‘बरोबर चाललंय’ यांत अंतर आहे, आणि ते तपासायची एक युक्ती आहे. जमिनीवरची एखादी न हलणारी खूण निवडा, उदाहरणार्थ रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याचा कोपरा. तिच्यावर एक खोटा माग तयार करा, वेग शून्य, आणि त्याला एकही डिटेक्शन देऊ नका. कॅमेरा हलतोय अशा ६० फ्रेम चालवा. चौकट त्या कोपऱ्याला चिकटून राहिली तर कॅमेऱ्याची भरपाई ठीक आहे. अर्ध्या गाडीएवढी घसरली तर पुढचं काहीही जुळवण्याआधी हेच दुरुस्त करा.

घसरण्याची कारणं ठरावीक असतात. सगळ्यांत गंमतशीर कारण म्हणजे व्हिडिओवर छापलेली उंची, वेग, बॅटरी ही अक्षरं. त्यांच्या कडा धारदार असतात, वैशिष्ट्यबिंदू (दोन फ्रेममध्ये पुन्हा ओळखता येतील असे ठिपके) शोधणारा अल्गोरिदम आनंदाने त्यांच्यावरच जाऊन बसतो, आणि ती अक्षरं पडद्यावर कधीच हलत नसल्याने हालचाल शून्य असा निष्कर्ष निघतो. तो भाग मास्क करा, म्हणजे या हिशेबातून वगळा. चालत्या गाड्यांच्या चौकटीही मास्क करा. रस्ता गाड्यांनी भरलेला असेल तर गाड्यांचीच हालचाल पार्श्वभूमी म्हणून मोजली जाते. पाणी किंवा एकसारखं शेत पसरलेलं असेल तर पकडायला बिंदूच मिळत नाहीत. अशा वेळी चुकीची भरपाई करण्यापेक्षा रॅनसॅकमध्ये (चुकीच्या जुळण्या गाळणाऱ्या पद्धतीत) टिकलेले बिंदू मोजावेत आणि ते फारच कमी असतील तर गिंबलची टेलिमेट्री, म्हणजे त्याने नोंदवलेले कोन, वापरावी.

कॅमेरा तिरका असेल आणि ड्रोन पुढे जात असेल तर साधं फिरवणं-सरकवणं पुरत नाही, होमोग्राफी (सपाट पृष्ठाचं एका कोनातलं दृश्य दुसऱ्या कोनात बदलणारं रूपांतर) लागते. आणि होमोग्राफी जमीन सपाट आहे असं धरते. ड्रोन १०० मीटरवरून सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल, तर जमीन दर फ्रेमला २.१३ पिक्सेल सरकते आणि १० मीटर उंच झाडाचा शेंडा २.३७. फरक क्षुल्लक वाटतो, पण ६० फ्रेममध्ये तो १४ पिक्सेल होतो, आणि दाट झाडीत बिंदू शेंड्यांवरच सापडत असल्याने भरपाई झाडांच्या मापाने होते, रस्त्याच्या नाही. शक्य असेल तिथे बिंदू रस्त्याच्या भागातूनच घ्या.

कॅमेऱ्याचा प्रश्न मिटला तरी दुसरा उरतो, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. गाडी आड जाण्याच्या अगदी आधीच्या काही फ्रेम ट्रॅकरला वेगाबद्दल खोटी माहिती देतात. कसं ते बघा. गाडी पुलाखाली शिरू लागली की चौकटीची पुढची कड पुलाच्या कडेशी अडते. मागची कड मात्र गाडीच्या खऱ्या वेगाने पुढे येत राहते. चौकट आक्रसते, आणि तिचा मध्यबिंदू खऱ्या वेगाच्या बरोबर निम्म्या वेगाने सरकतो. ५८ पिक्सेलची गाडी ६.४ च्या वेगाने शिरायला सुमारे ९ फ्रेम लागतात. त्या ९ फ्रेममध्ये काल्मन फिल्टर शिकतो की गाडी ब्रेक लावतेय आणि लहानही होतेय, आणि हाच धडा घेऊन तो पुढच्या ६० फ्रेम अंदाज बांधतो. वेगात दर फ्रेमला फक्त १ पिक्सेलची चूक राहिली तरी बाहेर येईपर्यंत अंदाज ६० पिक्सेल, म्हणजे अख्ख्या गाडीएवढा मागे पडतो.

इथे बाइटट्रॅकचा गुणच थोडा अंगाशी येतो, कारण कमी गुणांच्या या कापलेल्या चौकटी तो मागाशी जोडतो आणि फिल्टरला भरवतो. जोडणं बरोबर आहे. भरवताना हात आखडता घ्यायला हवा. कमी कॉन्फिडन्सच्या चौकटीचा मोजमापाचा गोंगाट वाढवून धरायचा, म्हणजे फिल्टर तिच्यावर कमी विश्वास ठेवतो. स्ट्राँगसॉर्टमध्ये हा गोंगाट कॉन्फिडन्सनुसार बदलतो. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो कारण तो समजायला सोपा आहे: मागाचा गेल्या २० फ्रेमचा इतिहास ठेवा, आणि माग हरवला असं जाहीर होताच वेग हरवण्याच्या क्षणाचा न घेता चौकटीचा आकार शेवटचा पूर्ण होता तेव्हाचा घ्या. चौकटीची लांबी नेहमीच्या ८५ टक्क्यांखाली गेली की कापणी सुरू झाली असं धरायला हरकत नाही. आडोशाची कड कुठल्या बाजूला आहे हे माहीत असेल तर शिरताना मागच्या कडेवरून आणि निघताना पुढच्या कडेवरून वेग काढा. त्या दोन कडा त्या त्या वेळी खरं बोलतात.

आकाराचंही तेच. हरवलेल्या मागाची रुंदी आणि उंची गोठवा, नाहीतर आक्रसण्याचा वेग चालू राहून चौकट नाहीशी होत जाते. मूळ सॉर्टच्या कोडमध्ये क्षेत्रफळ शून्याखाली जाऊ नये म्हणून एक अट घातलेली आहे, यावरून हा त्रास किती जुना आहे ते कळतं. बॉटसॉर्ट हरवलेल्या मागाच्या रुंदी-उंचीचे वेग शून्य करतो.

ओसीसॉर्टने याच दुखण्यावर वेगळ्या बाजूने हात घातला. गाडी परत दिसली की शेवटचं निरीक्षण आणि नवं निरीक्षण यांच्यामध्ये एक काल्पनिक मार्ग आखायचा आणि फिल्टर त्या मार्गावरून पुन्हा चालवायचा, म्हणजे अंधारात साचलेली चूक धुऊन निघते. यामुळे परत सापडल्यानंतरच्या काही फ्रेममध्ये माग पुन्हा निसटणं थांबतं. १७ परत आला, पाच फ्रेम टिकला आणि मग ४२ झाला असं दिसत असेल तर तुम्हाला हवं ते हेच.

आणि गाडी झाडाखाली थांबलीच तर? समान वेगाचं गृहीतक तिला पलीकडे काढून पुढे दूरवर पळवतं. दोन्ही शक्यता जिवंत ठेवाव्यात: एक चौकट आडोशाच्या आत थांबलेली, एक पुढे गेलेली, दोन्ही एकाच क्रमांकाच्या. जी आधी जुळेल ती खरी. एवढं करायचं नसेल तर अंदाजाचा वेग दर फ्रेमला किंचित घटवत न्या. पण मग पुलासारख्या लांब आडोशात अंदाज मागे पडतो, हे लक्षात असू द्या.

अंदाज अंगावर आहे, तरी जुळणी नाही

६ गुणिले ६ पिक्सेलच्या माणसाची चौकट दोन्ही दिशांना ३ पिक्सेल चुकली की आयओयू ०.१४ होतो. तीच चूक ५८ गुणिले २३ च्या गाडीला झाली तर आयओयू ०.७० राहतो. एकच थ्रेशोल्ड दोघांना लावला की माणसं गळतात. लहान वस्तूंसाठी जुळणीपुरती चौकट फुगवा, किंवा आयओयू सोडून मध्यबिंदूंमधलं अंतर वस्तूच्या आकाराशी ताडून वापरा. हरवून जितका वेळ झाला तितकी चौकट जास्त फुगवणंही रास्त आहे, एका मर्यादेपर्यंत.

गाडीच्या बाबतीत कारण वेगळं निघतं. बाइटट्रॅकमध्ये हरवलेल्या मागाला कमी गुणांची चौकट परत उठवू शकत नाही. दुसरी फेरी फक्त नुकतेपर्यंत दिसत असलेल्या मागांसाठी आहे. शिवाय आयओयूला कॉन्फिडन्सने गुणण्याचा पर्याय चालू असेल तर ०.४ आयओयू आणि ०.४ गुण मिळून ०.१६ होतात, आणि जुळणीची मर्यादा (१ वजा हा गुणाकार कितीपर्यंत चालेल ती) ०.८ ठेवलेली असेल तर किमान ०.२ लागतात. म्हणजे अर्धी बाहेर आलेली गाडी अंदाजाखालीच असूनही नाकारली जाते. त्यातच नवा माग सुरू करण्याची मर्यादा सैल असेल तर तिथेच ४२ चा जन्म होतो. आडोशांच्या कडेला नवा माग सुरू करायची मर्यादा कडक ठेवा.

अंदाज दुसऱ्यानेच पळवला

बफर ३०० केल्यावर उगवणारा दोष हाच. फार वेळ हरवलेल्या मागाची अनिश्चितता फुगत जाते, आणि महालनोबिस अंतर अनिश्चिततेने भागलेलं असल्याने त्याला दूरची गाडीही जवळची वाटते. २०१७ च्या डीपसॉर्टमध्ये जुळणी पायऱ्यापायऱ्यांनी, आधी ताज्या मागांना संधी देऊन होते ती यासाठीच. तुमच्या ट्रॅकरमध्ये तसं नसेल तर ताज्या मागांची फेरी आधी आणि जुन्यांची नंतर असं स्वतः करा. त्यावर एक साधी भौतिक अट घाला: परत दिसलेली जागा आणि हरवलेली जागा यांतलं अंतर तेवढ्या वेळात त्या रस्त्यावर शक्य आहे का? नसेल तर गुण कितीही जुळोत, नाकारा.

रूपावरून ओळखण्याच्या मॉडेलांबद्दल माझा उत्साह बेताचा आहे. वरून सगळ्या पांढऱ्या मोटारी पांढऱ्या आयतासारख्या दिसतात, आणि पुष्कळ तयार मॉडेलं डोळ्यांच्या पातळीवरून टिपलेल्या पादचाऱ्यांवर शिकलेली असतात. वापरायचंच असेल तर गाडीचं तोंड एकाच दिशेला येईल असं चित्र फिरवून मगच मॉडेलला द्या, नाहीतर ड्रोन वळला की तीच गाडी त्याला परकी वाटते. आणि अर्धवट झाकलेल्या फ्रेममधून मागाची साठवलेली ओळख अद्ययावत करू नका. तसं केलंत तर त्या ओळखीत झाडाची पानं मिसळतात आणि पुढे कुठलीही झाडाखालची गाडी ‘हीच ती’ ठरते.

एकच वस्तू पकडून ठेवणारे ट्रॅकर, म्हणजे पडद्यावर बोट ठेवून निवडतात तसले, याच रोगाने जास्त आजारी पडतात. वस्तू झाकली गेली तरी ते काहीतरी सर्वोत्तम जुळणारं दाखवतातच आणि पानांवर शिकत राहतात. त्यांना थांबायला शिकवावं लागतं. २०१० च्या मोसे ट्रॅकरच्या शोधनिबंधात जुळणीचं शिखर आणि आजूबाजूचा गोंगाट यांचं गुणोत्तर ७ च्या आसपास उतरलं की वस्तू झाकली गेली किंवा माग सुटला असं मानलं आहे. नीट चालताना ते २० ते ६० असतं. असा एखादा निकष बसवा आणि तो घसरला की शिकणं बंद.

मीटरमध्ये विचार करा

वरचे बरेच उपाय पिक्सेलमध्ये ठिगळं लावण्यासारखे आहेत. ड्रोनची उंची, गिंबलचा कोन आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन हाताशी असेल तर चौकटीचा जमिनीला टेकलेला बिंदू जमिनीवर उतरवा आणि फिल्टर मीटरमध्येच चालवा. मग कॅमेरा कसाही हलला तरी गाडीचा वेग तोच राहतो. ड्रोनची वायुदाबावरची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नाही. चढउताराच्या प्रदेशात ती तशीच वापरली तर वेग चुकतात. टेलिमेट्री आणि व्हिडिओ यांच्या घड्याळांत फरक असतोच. गिंबल झटकन हलवलेला एखादा क्षण दोन्हीकडे शोधला की तो पकडता येतो.

जमिनीवरचा नकाशा तयार झाला की आडोसेही त्यावर एकदाच आखता येतात. मग बफर सगळीकडे सारखा ठेवायची गरज नाही: पुलाच्या क्षेत्रात शिरलेल्या मागाला १० सेकंद द्या, मोकळ्या रस्त्यावर गायब झालेल्याला एकच. माझ्या मते हा एकच बदल बाकी सगळ्या आकड्यांच्या खटपटीपेक्षा जास्त देतो.

पुन्हा उडवायची सोय असेल तर कोनाचा विचार आधी करा. १० मीटर उंच झाडामागे, कॅमेरा क्षितिजाखाली ३० अंशांवर झुकलेला असताना, १७.३ मीटर जमीन झाकली जाते. ४५ अंशांवर १० मीटर आणि ६० अंशांवर ५.८ मीटर. पुलाखालचं काही यातून दिसणार नाही, पण रस्त्याकडेची झाडं आणि इमारती यांचा उपद्रव निम्म्यावर येतो.

सुधारलं की नाही, हे कसं ओळखायचं

मोटा, म्हणजे ट्रॅकरच्या एकूण अचूकतेचा प्रचलित आकडा, इथे फसवतो. २० गाड्या, ३०० फ्रेम, म्हणजे ६००० चौकटी. पुलाखाली सगळ्याच्या सगळ्या २० गाड्यांचे क्रमांक बदलले तरी मोटा ०.३३ टक्क्यांनीच घसरतो. आयडीएफ१ (क्रमांक किती टिकले ते सांगणारा आकडा) किंवा २०२० च्या होटा या मापातला जुळणीचा भाग पाहा. त्याहून बरं म्हणजे फक्त आडोशाचे प्रसंग कापून एक छोटा संच करा. व्हिजड्रोन या डेटासेटमध्ये प्रत्येक चौकटीला झाकलेपणाची खूण आहे, अजिबात नाही, निम्म्यापर्यंत आणि निम्म्याहून जास्त अशी. सरावाला ते साहित्य चांगलं आहे.

आपल्या संचात तीन आकडे मोजा: किती गाड्या जुन्याच क्रमांकाने परत आल्या, किती नव्या क्रमांकाने आणि किती दुसऱ्याच्या क्रमांकाने. बफर वाढवला की पहिला आकडा वाढतो आणि पुष्कळदा तिसराही. तिसरा वाढला असेल तर तो बदल मागे घ्या, कारण तुटलेले तुकडे नंतर जोडता येतात, चुकीचे जुळलेले शोधूनही सापडत नाहीत. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ असेल तर जोडणी नंतरच्या फेरीत करणं केव्हाही बरं, कारण तेव्हा आडोशाच्या दोन्ही बाजू माहीत असतात. मधली जागा भरताना सरळ रेषा कॅमेऱ्याची हालचाल काढून टाकलेल्या चित्रात किंवा जमिनीच्या नकाशावर ओढा. मूळ फ्रेममध्ये ओढलेली रेषा ड्रोन हलत असताना रस्ता सोडून शेतातून जाते.

आणि दोन सारख्या पांढऱ्या गाड्या एकापाठोपाठ लांब पुलाखाली गेल्या, आत त्यांनी एकमेकींना ओलांडलं असण्याची शक्यता आहे, तर व्हिडिओत त्याचं उत्तर नाही. तिथे ट्रॅकरला जबरदस्तीने एक निवडायला लावू नका. नवे क्रमांक द्या आणि ‘१७ किंवा १८ पैकी एक’ अशी नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा. पुढे दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र किंवा नंबरप्लेट हाती आली तर तो रकाना भरता येईल.